पहिल्या तीन महिन्यांत गेलेली माणसं

वृंदा दाबके सरकारी सांख्यिकी खातं सोडून नोएडातल्या एका कंपनीत लागली ते २००३ साल. रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांचे आकडे तपासायचे, हे तिचं काम. दिल्लीत मयूर विहारच्या घरी ती आणि तिची आई, प्रभाताई. आईला दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

एप्रिलमध्ये डॉ. सुनंदा खांडेकरांचा अभ्यास छापण्याआधी तपासायला तिच्याकडे आला. झटक्यानंतर एक ठरावीक गोळी घेणारे रुग्ण जास्त जगतात, असा निष्कर्ष. सुनंदाताई आईच्याही डॉक्टर. आई तीच गोळी घेत होती. गोळीनं तिला चक्कर यायची, पण जीव वाचतोय म्हणून ती सोसायची.

दोन दिवसांनी वृंदाला शंका आली. गोळी सुरू व्हायची ती झटक्यानंतर तीन महिन्यांच्या तपासणीला. त्याआधीच जे गेले, ते सगळे 'गोळी न घेणारे' म्हणून मोजले होते. त्यांना ती मिळायची वेळच आली नव्हती. रीतसर चाचणी असती तर दोन्ही गटांची मोजणी झटक्यानंतरच्या एकाच टप्प्यापासून सुरू झाली असती. तिनं तसंच केलं. तीन महिन्यांच्या तपासणीला जे हजर होते तेवढेच घेतले, वय आणि दुखणं जुळवलं. फरक जवळपास उरलाच नाही. पुन्हा केलं, तेच. त्या दिवशी डबा तसाच परत आला.

घरी आई गोळी घेत होती. "अशी का बघतेस गं?"

"काही नाही."

सांगावं तर घाबरून उद्यापासून बंदच करेल, आणि ही गोळी एकदम सोडणं धोक्याचं, याची तिला धास्ती.

शनिवारी ती नवे आकडे घेऊन सुनंदाताईंच्या दवाखान्यात गेली. सुनंदाताई म्हणाल्या, "मी माझ्या डोळ्यांनी लोक बरे होताना पाहिलेत."

"खरंय, ताई. पण पहिल्या तीन महिन्यांत गेले, ते तुमच्याकडे परत आलेच नाहीत."

सुनंदाताईंनी कागद पुढे ओढून आकडे पुन्हा वाचले. "मग इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत आले?"

अभ्यासावरचा लेख छापायचा थांबला. परस्पर डॉक्टरांना गाठलं म्हणून कंपनीतल्या साहेबांनी ते काम तिच्याकडून काढून घेतलं. महिनाभर सुनंदाताईंचा फोन नाही. मग एक दिवस आला. "आईंना घेऊन या. एकदम बंद नाही करायची, हळूहळू कमी करू."

जूनअखेर गोळी बंद झाली आणि आईची चक्कर थांबली. वृंदा मात्र, आपला हिशोब चुकला असेल तर या भीतीनं, वर्षभर रोज दुपारी ऑफिसातून घरी फोन लावायची, आणि आईचा आवाज येईपर्यंत उभीच राहायची.