अप्पांच्या रेकॉर्डमधले टाळ

"मॅडम, टाळ गेले. पेटी हाय, तबला हाय, गाणाऱ्याचा गळा हाय. टाळ तेवढे न्हाईत."

बसवराजअप्पांनी उदगीरहून रेकॉर्ड प्लेअर चादरीत गुंडाळून आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवला आणि पिशवीतून लिंगायत संतांच्या कन्नड वचनांची एक जुनी रेकॉर्ड काढली.

मी नांदेडला एका रेडिओ केंद्रात इंजिनिअर होते. रिटायर झाल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करते. हे काम करणारे आमच्या भागात फारसे उरले नाहीत, त्यामुळे लातूर-उदगीरहूनही लोक येतात.

अप्पांची दालमिल आता मुलगा बघतो. अप्पांना नाद रेकॉर्डींचा. महिन्यातून एकदा नांदेडला यायचं, इतवारा भागात रफीकभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात जमिनीवर बसायचं आणि एकेक रेकॉर्ड कव्हरमधून काढून उजेडात तिरकी धरून बघायची. मीही अधूनमधून जायची. दुपारभर धुंडाळून एखादीच हाताला लागायची. ती लगेच वाजवायची नाही. आधी कव्हर मागूनपुढून वाचायचं, वादक कोण असतील ते ताडायचं, मग त्यावर वाद घालायचा. त्यातच अर्धी मजा. वचनांची ही रेकॉर्ड रफीकभाईंनी दोन वर्षं माग काढून बिदरच्या एका घरातून मिळवली होती, खास अप्पांसाठी.

"घासलेला माल दिला रफीकनं," अप्पा म्हणाले. "मागच्याही दोनतीन तशाच निघाल्या. तोंडावर म्हणालो त्याला. आता त्याच्या दुकानाची पायरी चढणार न्हाई."

संध्याकाळी रफीकभाईंचा फोन आला. "मॅडम, वीस साल झाले. मी अप्पांना खराब माल देईन का? तुम्हीच बघा अन् तुम्हीच सांगा."

म्हणजे मला नुसता प्लेअर तपासायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बसले. रेकॉर्डवर फिरणारी पिन भिंगाखाली पाहिली. टोक शाबूत. पिन रेकॉर्डवर किती वजनानं टेकते ते छोट्या काट्यावर मोजलं. बरोबर. जास्त झालं तर ती रेकॉर्ड खरवडते, कमी झालं तर उडते. प्लेअर फिरण्याची गती पाहिली. तीही बरोबर. मग हेडफोन लावून रेकॉर्ड ऐकली. टाळ स्वच्छ होते. एकेक ठोका सुटा.

मला बरं वाटलं. रफीकभाई सुटले. मी अप्पांना फोन केला. "रेकॉर्ड चांगली आहे. प्लेअरही. तुमच्या घरच्या स्पीकरमधले ट्वीटर गेले असणार." ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या खोक्यातला छोटा स्पीकर. टाळ, घुंगरू असे बारीक आवाज तो काढतो.

अप्पा प्लेअर घेऊन गेले. लातूरहून माणूस बोलावून त्यांनी दोन्ही ट्वीटर बदलून घेतले. आठवड्यानं फोन आला.

"मॅडम, टाळ न्हाईत."

मी मोजमापाची पेटी आणि लॅपटॉप घेऊन एसटीनं उदगीर गाठलं. अप्पांच्या पत्नी, महादेवीकाकू, दारातच भेटल्या. हॉलमध्ये स्पीकर नीट मांडलेले. वायरी पक्क्या. मी रेकॉर्ड लावली. खोलीभर टाळ वाजायला लागले.

मी काकूंना विचारलं, "टाळ ऐकू येतात?"

"वाजून राहिलेत की."

अप्पांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठं?"

मग मात्र माझ्या लक्षात आलं. मी लॅपटॉप अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि अप्पांना म्हणाले, आवाज आला की बोट वर करा. लॅपटॉपमधून एकेक सूर सोडत खालच्या पट्टीपासून सुरुवात केली. बोट लगेच वर. मधल्या पट्टीत जरा उशिरा. त्याच्या वर गेले तेव्हा बोट गुडघ्यावरच राहिलं. आणखी वर गेले तशा स्वयंपाकघराच्या दारातून काकू ओरडल्या, "बंद करा ती शिट्टी, कान किटले!"

"कोणती शिट्टी?" अप्पा म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला. मशीनचा दोष सांगायची मला सवय आहे. हे कसं सांगायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

"अप्पा, मशीन सगळी ठीक आहे."

"म्हणजे मी बहिरा?"

"बोलणं ऐकू येतंय ना तुम्हाला. वरचे बारीक आवाज तेवढे येत नाहीत. मी डॉक्टर नाही. एकदा दाखवून घ्या."

"वर्षापासून मी सांगून राहिले, मोबाईल वाजला की बघत जा," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, बायकोचं कोण ऐकतो म्हणून न्हाई ऐकत."

अप्पा भडकले. "प्लेअर बघायला बोलावलं होतं. कान बघायला न्हाई." उठून अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी पेटी आवरली. चप्पल घालताना मागून आवाज आला.

"रफीकची रेकॉर्ड चांगली होती?"

"पहिल्या दिवसापासून."

ते खुर्चीत बसले.

लातूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर मिलच्या मशीनशेजारी उभं राहिल्याचा परिणाम. कानाचं यंत्र आलं. पहिल्या आठवड्यात अप्पांचा फोन: "सगळा पत्रा वाजून राहिला." दोनदा लातूरला जाऊन ते यंत्र जुळवून घेतलं. मग पुन्हा फोन. "आले टाळ. जरा लांबून येतात. पण आले."

पुढच्या महिन्यात मी रफीकभाईंच्या दुकानात होते. अप्पा दारात येऊन थांबले.

"रफीक," ते म्हणाले, "रेकॉर्ड न्हाई, माझे कान घासले होते. चुकलं माझं."

रफीकभाईंनी त्यांच्या कानामागच्या यंत्राकडे पाहिलं. सतरंजी झटकली आणि एक गठ्ठा पुढं सरकवला. "कालच आलाय. अजून कुणी हात लावला न्हाई. बसा."

अप्पा बसले.

यात एक चूक माझीही होती. तपासताना हेडफोन मी फक्त माझ्याच कानाला लावला. अप्पा प्लेअर न्यायला आले तेव्हा त्यांच्या कानाला लावला असता तर चांगले ट्वीटर बदलले गेले नसते आणि रफीकभाईंवरचा ठपका तेव्हाच गेला असता. आता कुणी तक्रार घेऊन आलं की आधी त्यालाच बसवते आणि बोट वर करायला सांगते.

नंतर एकदा मी स्वतःचीही तीच चाचणी घेतली. मीटरचा काटा हलत होता, म्हणजे आवाज निघत होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं, अशी एक जागा माझ्याही वाट्याला आली. तेव्हापासून दुरुस्तीच्या चिठ्ठीवर मी 'आवाज बरोबर आहे' असं लिहीत नाही. 'मोजमाप बरोबर आहे' एवढंच लिहिते.