मित्तलच्या गाडीची टाकी

इंधनाचा फिल्टर उघडला, तर आत पिवळसर चुरा. बोटांत चोळला, तर लगदा झाला.

"काय आहे, काका?" मित्तलने विचारलं.

"तुझ्या फ्युएल सेलमधला फोम. विरघळतोय."

माझी सगळी नोकरी रिफायनरीत, टाक्यांच्या इन्स्पेक्शनमध्ये झाली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून पाणीगेटच्या घरून रोज प्रतापनगरला जिग्नेशभाईंच्या गॅरेजवर जाऊ लागलो. ते ड्रॅग रेसिंगची गाडी बांधतात. ड्रॅग म्हणजे सरळ रस्ता, वळण नाही, उभ्या जागेवरून सुटायचं ते फुल थ्रॉटल. गाडी चालवते त्यांची धाकटी बहीण मित्तल.

इथे फ्युएल सेल म्हणजे वीज तयार करणारा नव्हे, रेसच्या गाडीतली खास टाकी. बाहेर पत्र्याचा डबा, आत जाड रबरी पिशवी, पिशवीत स्पंजसारखा फोम. धडकेत डबा चेपतो, पण पिशवी सहसा फाटत नाही. फोममुळे इंधन हिंदकळत नाही. मी येण्याआधीच त्यांनी गाडी पेट्रोलवरून मिथेनॉलवर नेली होती. टाकी मात्र पेट्रोलचीच राहिली. मिथेनॉलने फोम खाल्ला होता आणि पिशवीही फुगली होती.

मला भीती होती ती वेगळ्याच कारणाने. मिथेनॉलची आग दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. माणूस जळत असतो आणि बघणाऱ्याला कळत नाही.

जिग्नेशभाईंना रविवारची रेस चुकवायची नव्हती. "ॲल्युमिनियमची टाकी वेल्ड करून घेऊ. उद्या तयार."

"मिथेनॉल ॲल्युमिनियमलाही खातं. आणि धडकेत वेल्ड उघडला तर?"

"मग माझ्या मित्राच्या सर्किट रेसच्या गाडीतली आणतो. चांगल्या कंपनीची आहे."

ती आणली. पिशवीवर छापलेली मुदत कधीच संपली होती. शिवाय इंधन ओढणारा पाइप मधोमध. ड्रॅगमध्ये गाडी सुटली की इंधन मागे लोटलं जातं. पाइप मागच्या टोकाला नसेल, तर ऐन वेगात इंजिनला इंधनच मिळत नाही.

"चालशे, शिर्केसाहेब. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"आत तुमची बहीण बसणार आहे, जिग्नेशभाई."

ते चिडले. "गॅरेज माझं आहे की तुमचं?"

रिफायनरीत मी नाही म्हटलं, तर मागे अख्खं डिपार्टमेंट उभं असायचं. इथे मी एकटा.

मित्तल शांतपणे म्हणाली, "भाई, मी ही टाकी घेऊन बसणार नाही. काका सांगतात ती आणा."

रविवारची रेस सोडली. मिथेनॉलला चालणारी, लहान, इंधन ओढणारा पाइप मागच्या टोकाला असलेली नवी टाकी मागवली. तिच्या हवेच्या नळीला, गाडी उलटली तर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवला. टाकी आणि सीटच्या मधली पत्र्याची भिंत नव्याने केली. तरी मला झोप लागेना. निवड माझी होती.

पुढची रेस गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर होती. पहिला रन उत्तम झाला. दुसऱ्यात फिनिश लाइननंतर ब्रेक लावताना गाडी तिरपी झाली, कडेच्या भुसभुशीत मातीत शिरली आणि उलटली.

मी धावलो. ज्वाळा दिसत नव्हत्या, पण त्याला काही अर्थ नव्हता. फायरवाल्यांनी पाण्याचा फवारा तयार धरला. मी हात पुढे केला, झळ लागते का पाहायला. लागली नाही. टाकीखालची माती चाचपली. कोरडी होती.

मित्तल बेल्टला उलटी लटकत होती. "काका, टायमिंग काय आलं?"

आम्ही तिला बाहेर काढलं. तिच्या मनगटाला मार लागला होता, बाकी काही नाही. जिग्नेशभाई तिचं हेल्मेट मांडीवर घेऊन मातीतच बसले.

गॅरेजवर टाकी उतरवली. डब्याची एक बाजू आत गेली होती. पिशवीतून थेंबही गळला नव्हता. जिग्नेशभाईंनी तिच्यावरून हात फिरवला.

"मस्त टाकी निवडलीत, शिर्केसाहेब. डबा ठोकून सरळ करू आणि परत लावू."

"नाही. मार खाल्लेल्या पिशवीचा भरवसा नाही. नवी घ्यावी लागेल."

"अरे, पण ही गळली कुठे?"

एकदा जीव वाचवला, की टाकीचं काम संपलं. हे मालकाला पटवणं टाकी निवडण्यापेक्षा अवघड असतं. आम्ही पुन्हा वाद घालायला बसलो.