हरवलेल्या अण्णांचा डबा

पहाटेची एसटी पुण्याहून सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती. पिशवीत टॉवेल, आईने दिलेला चिवडा आणि कात्रणांची एक वही. लोक रजा काढून काशीला जातात, गेलाबाजार माथेरानला तरी जातात. रजा काढून पनवेलला जाणारा आमच्या आळीत मी पहिलाच.

"तिथं आहे काय?" वडिलांनी आदल्या दिवशी विचारले होते.

"एक माणूस हरवलाय."

"आपला कोण लागतो?"

"कोणी नाही."

वडिलांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि आईला म्हणाले, "याचं लग्न यंदा उरकून टाक."

मी त्या काळी एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर कारकून होतो. 'विकणे आहे', 'पाहिजे', 'हरवले आहे' या तीन शब्दांवर माझी चूल पेटत असे. काम साधे होते, पण मी स्वतःला साधा समजत नव्हतो. लोक लिहीत, 'सायकल विकणे आहे.' आता का विकणे आहे ते सांगितले नाही तर घेणाऱ्याला वाटणार, माल चोरीचा! म्हणून मी माझ्या पदरचे एक कारण जोडून देत असे. सायकल असेल तर 'मालकाची बदली झाल्याने'. फिडल असेल तर 'मालकाचे लग्न झाल्याने'. कोणाची तक्रार आली नाही, त्यामुळे आपण जाहिरातींना जीव देतो अशी माझी समजूत होती.

पनवेलची वही मी का ठेवली त्याचे कारण असे. सहा महिन्यांपूर्वी तिथून एक पोस्टकार्ड आले. 'ती. अण्णा, जेथे असाल तेथून घरी यावे. कोणी काही बोलणार नाही. विष्णू.' असल्या जाहिराती रोज येतात. पुढच्या आठवड्यात मात्र दुसरे कार्ड आले, वेगळ्या अक्षरात. 'घरच्यांस कळावे. कोणी काही बोलणार नाही हे वाचले. जे बोलायचे ते छापून झाले आहे. हरवलेला.'

मी दोन्ही कार्डे उलटी करून पाहिली. शिक्का एकच, पनवेलचा.

मग ते चालूच राहिले. 'ती. अण्णा, मी तसे लिहिले नाही. शपथ. सूनबाई जेवत नाही. विष्णू.' त्यावर, 'सूनबाईने जेवावे. तिच्यावर राग नाही. हरवलेला.' हरवलेला माणूस आपल्याच गावातून दर आठवड्याला पत्ता न देता उत्तर देतो, हे पाहिल्यावर माझ्याच्याने राहवेना. म्हणून ही यात्रा.

घाटात गाडीचे चाक बसले. दुसरे चढवीपर्यंत अर्धी गाडी दरीकडे तोंड करून चिवडा खात उभी राहिली. चिवडा माझा होता. खोपोली, चौक मागे पडले, हवा दमट होऊ लागली, डावीकडे कर्नाळ्याचा सुळका दिसला, आणि खाडीचा वास नाकात शिरला तेव्हा पनवेल आल्याचे कंडक्टरला सांगावे लागले नाही.

स्टँडवर एक आगरी बाई टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. मी अदबीने विचारले, "मावशी, इथले एक अण्णा हरवलेत म्हणे. काही माहीत आहे का?"

"चाकवाला अण्णा? हां, त्यो हरवलेला हाय."

"कुठे गेले असतील?"

"जातोय कुटं? बंदरावर हसनमियाच्या वखारीत बसलेला हाय."

"मग हरवले कसे?"

तिने माझी कीव केली. "अरं दादा, घरी नाय ना त्यो! आमाला वाचता नाय येत, पन न्हावी दर आठवड्याला वाचून दावतो. तुमी शेंगा घ्या. सांजला हितंच पोपटी लावनार हाय." (पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात भाजलेल्या शेंगा.) संध्याकाळी येतो असे सांगून मी निघालो.

बाजारपेठेत चहाला बसलो तर दारात एक मोडक्या शिंगाची शेळी रवंथ करीत होती. मी वही उघडली. 'हरवली आहे: शेळी, डावे शिंग मोडके.' मी हॉटेलवाल्याला म्हटले, "अरे वा, सापडली वाटतं!"

"हरवली कुठं होती? शेजाऱ्यानं बांधून ठेवली होती, त्याच्या भाजीत तोंड घातलं म्हणून. आता शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडायचं कसं? रोज तोंड बघायचं असतं. पेपरात दिलं. दुसऱ्या दिवशी शेळी दारात."

"त्यापेक्षा भिंतीवरून हाक मारायची!"

"तुम्ही पुण्याचे," तो म्हणाला. पुढे बोलायची त्याला गरज वाटली नाही.

त्या एका चहात मला पनवेल कळले. जे समोरासमोर बोलता येत नाही ते इथे पुण्याला पाठवून छापून आणायचे आणि शेजाऱ्याने वाचेपर्यंत वाट बघायची. माझ्या वहीतल्या बदललेल्या छत्र्या, चुकून गेलेले तांबे, सगळ्याचा अर्थ लागला. तांब्या चुकून गेलेला नव्हता.

विष्णूचे घर वडाळे तळ्याच्या बाजूला होते. ओसरीवर एक तुटके चाक टेकवून ठेवलेले. विष्णू एसटीच्या डेपोत फिटर, जेवायच्या सुट्टीत घरी आलेला. पस्तिशीचा, हाताला ग्रीस. मी पुण्याहून हिंडायला आलेला माणूस, पेपरात वाचले म्हणून विचारपूस करतो, एवढेच सांगितले. पाहुण्याला हाकलून द्यायची त्या गावात रीत नव्हती. त्याने पाट दिला.

"अण्णांचा गुडघा धरला होता पावसाळ्यात," तो म्हणाला. "रागाच्या भरात म्हणाले, विकून टाक ती हत्यारं. मी कार्ड टाकलं. चाकांच्या हत्यारांचा संच विकणे आहे, बस, एवढंच. आणि छापून आलं हे."

त्याने फळीवरच्या डब्यातून कात्रण काढले. 'बैलगाडीची चाके करण्याची हत्यारे, संपूर्ण संच, विकणे आहे. मालकाच्याने आता काम होत नसल्याने.'

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ती शेवटची ओळ मला चांगली ओळखू आली. ती माझी होती.

"न्हाव्यानं सगळ्यांदेखत वाचलं," विष्णू सांगत होता. "अण्णा तिथंच दाढीला बसले होते. चाळीस वर्षं चाकं केली त्यांनी. गाडीवाले त्या दिवसापासून यायचे थांबले. घरी येऊन मला म्हणाले, माझ्याच्यानं काम होत नाही हे तू साऱ्या मुलखाला सांगितलंस. मी म्हटलं, मी लिहिलं नाही. तर म्हणतात, मग काय पेपर खोटं छापतो? निघून गेले. हत्यारं हसनमियाकडे गेली त्याचं काही नाही हो. माझा बाप मला खोटारडा समजतो, हे सहन होत नाही."

आता खरे बोलायची वेळ होती. मी काय केले? पाणी प्यालो. म्हटले, "वाईट झालं." आणि उठलो. अशा वेळी माझे पाय डोक्याआधी विचार करतात.

दारात विष्णूची बायको मंजुळा आडवी आली. हातात पितळी डबा. "भाऊ, बंदराकडं चालला असाल तर एवढा वखारीत द्याल? मामंजींचा आहे. मीच रोज नेऊन ठेवते आणि न बोलता येते. आज घरात पाहुणे यायचेत."

"रोज नेता? म्हणजे ते कुठे आहेत हे ठाऊक आहे!"

"ठाऊक नसून कसं? पण हरवलेल्या माणसाशी बोलायचं कसं?" ती म्हणाली. "आधी सापडायला नको का?"

मी बंदराकडे नाही, स्टँडकडे गेलो. हे लिहायला लाज वाटते, पण प्रवासवर्णनात मुक्काम गाळू नयेत. पुण्याची गाडी लागलेली होती. एक पाय पायरीवर ठेवला आणि हातातला डबा दांड्यावर आपटून वाजला. आतले कालवण अजून गरम होते. दुसऱ्याच्या म्हाताऱ्याचे जेवण घेऊन पुण्याला पळून जाण्याइतका मी अजून गेलो नव्हतो. पाय खाली घेतला.

वखार खाडीच्या काठाला होती. गाळात एक मचवा कलंडून पडला होता आणि सागाच्या ओंडक्यांना खारा वास येत होता. हसनमिया म्हणजे पांढरी दाढी, लुंगी आणि कानावर पेन्सिल. डबा पाहताच म्हणाले, "या, तशरीफ ठेवा. आज डबा नव्या माणसासोबत आला!"

"हत्यारं तुम्हीच घेतलीत?"

"घेतली. आता लाकूड विकणारा माणूस मी, वाकसाचं काय करणार? ज्याची होती त्याच्याच हातात दिली. दोस्त आहे माझा. घरी जा म्हणून रोज सांगतो. म्हणतो, इज्जतीचा सवाल आहे. मग बस म्हटलं."

अण्णा मागच्या अंगणात होते. बुटके, उघडे अंग, कमरेला पंचा. चाक जमिनीवर आडवे, मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, सगळे बसलेले. बाजूला गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव (चाकावर चढवायचे कडे) लालबुंद होत होती. दोन गडी पकडी घेऊन तयार.

"ए, पाण्याची बादली धर," अण्णा मला म्हणाले. कोण, कुठला, काही नाही.

मी बादली धरली. आत्ताच बोललो नाही तर बोलणार नाही, हे मला ठाऊक होते. "अण्णा, ते वाक्य विष्णूनं लिहिलं नव्हतं."

"उचला!" अण्णा ओरडले. धाव चाकावर बसली, लाकडाने धूर सोडला.

"पेपरात मी असतो. मी लिहिलं ते."

"पाणी!"

मी पाणी ओतले, अर्धे चाकावर, अर्धे स्वतःच्या पायावर. चर्र झाले, वाफेत सगळे गडप झाले, आणि आकसणाऱ्या धावेखाली आरे कटाकट आवळले. अण्णांनी मोगरी घेऊन चाकाभोवती एक फेरी घातली, प्रत्येक सांधा ठोकून ऐकला. तोपर्यंत मी बादली घेऊन उभा. मग ते म्हणाले, "काय म्हणालास?"

मी पुन्हा सांगितले.

"मला पाहिलं होतंस तू?"

"नाही."

"माझं चाक पाहिलं होतंस?"

"नाही."

"मग माझ्याच्यानं काम होत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कारण दिलं की माल खपतो."

"खपला की!" हसनमिया म्हणाले. "मीच घेतला." पण अण्णा हसले नाहीत. ते ओंडक्यावर बसले आणि हातातली मोगरी बाजूला ठेवली.

"म्हणजे पोरगं खरं बोलत होतं," ते म्हणाले. "सहा महिने शपथा घेत होतं, आणि मी छापलेल्यावर विश्वास ठेवला."

त्यांचे डोळे भरून आले. मला माझी स्वतःची शिसारी आली. मी म्हटले, "चला अण्णा, आत्ता घरी जाऊ. मी सांगतो विष्णूला."

"घरी जाऊन तू विष्णूला सांगशील. गावाला कोण सांगणार? छापून गेलेलं तोंडानं पुसलं जात नाही. तू छाप. तुझ्या नावानं. मग मी सापडतो."

त्यांनी डबा उघडला, हात धुतले आणि जेवले. शेवटच्या घासाला म्हणाले, "वांग्यात मीठ कमी पडलंय. हे मात्र छापू नकोस."

रिकामा डबा मी घरी पोचवला आणि विष्णूला सगळे सांगितले. तो मारील असे वाटले होते. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि कितीतरी वेळ ग्रीसचे हात पुसत राहिला. मंजुळा आतून म्हणाली, "मग उद्या डबा न्यायचा ना?"

"छापून येईपर्यंत न्यायचा," मी म्हटले.

स्टँडवर पोपटी तयार होती. बाईने मडके उपडे करून पानावर शेंगा घातल्या. "काय, गावला का अण्णा?"

"गावला."

ती थोडी नाराज झाली. "आता न्हाव्यानं वाचायचं काय?"

पुण्यात आमचे व्यवस्थापक म्हणाले की आपला पेपर चुकत नाही, त्यामुळे खुलासा छापता येणार नाही. म्हणून मी जेवायच्या सुट्टीत बाहेर जाऊन माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो आणि छोटी जाहिरात दिली. 'खुलासा: पनवेलच्या चाकांच्या हत्यारांच्या जाहिरातीत मालकाच्याने काम होत नाही असे आले. ते जाहिरात देणाऱ्याने लिहिले नव्हते. खिडकीवरच्या कारकुनाने, म्हणजे मी, न पाहता लिहिले. मालक काम करतात. मी पाहिले आहे.' खाली माझे पूर्ण नाव. आत बसलेल्या सोबत्याने वाचून विचारले, "जाहिरात देण्याचं कारण काही घालू का?" मी त्याला घालू दिले नाही.

व्यवस्थापकांनी मला दोन महिने पोस्टाच्या थैल्या फोडायला बसवले. ते बरेच झाले. दहा दिवसांनी पनवेलची थैली माझ्याच हाताने फुटली. विष्णूचे कार्ड नव्हते. एकच होते, हरवलेल्याच्या अक्षरात, आणि या वेळी खाली खरे नाव. सवयीने हात टाकाकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून धरला आणि कार्ड होते तसे छपाईला दिले.

'बैलगाडीची चाके करून मिळतील. चौकशी घरी करावी.'