पॅकेजांचा मानपान

आमच्या ह्यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. रावेरकडे भाऊबंदांत लग्न असलं आणि एखादा व्याही रुसला, की चुडामणभाऊंना बोलवा. हे जाणार, हात जोडणार, तो मागेल ते कबूल करणार आणि त्याला पंगतीला बसवणार. तोवर दुसरा रुसलेला असायचा. माणूस सोन्यासारखा, पण ह्या स्वभावापायी मी किती डोकं फोडून घेतलं ते माझं मला माहीत.

नव्याण्णव सालची गोष्ट. केळीची बाग सोडून आम्ही जळगावात भाड्याच्या खोल्या घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत ह्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला. सगळे विंडोज शिकवायचे, हे लिनक्स शिकवणार म्हणाले, का तर मासिकासोबत त्याची सीडी फुकट आली होती. सासऱ्यांनी, झिपरूनानांनी, एकच अट घातली. "आखाजीला मी येईन. क्लास चालू दिसला तर राहा, नाही तर बिऱ्हाड उचला नि बागेत या." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. मला जळगाव सोडायचं नव्हतं. पोरीची शाळा दारात होती, नळाला पाणी होतं, नि घरात माझा शब्द चालत होता. मी इथे सुखात होते, उगाच कशाला लपवू.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच ह्यांचा चुलतभाऊ अभिमन टपकला. "भाऊ, मशीनवर गाणी वाजव ना उद्या. नाना खूश होतील."

झालं. हे बसले. गाण्याचं पॅकेज, म्हणजे गाणी वाजवणारा प्रोग्राम, टाकायला गेले तर ते म्हणे, आधी अमुक पॅकेज आणा, त्याशिवाय मी चालणार नाही. ते टाकलं तर त्याला आणखी तिसरंच हवं. हे लग्नातल्यासारखे एकेकाची समजूत काढत बसले. शेवटी एकाने मागितली ती थेट बुडाची लायब्ररी, जिच्यावर सगळं मशीन उभं असतं, आणि तीही नव्या आवृत्तीची. मशीन नको नको सांगत होतं, पण ह्यांनी जबरदस्तीचा हुकूम देऊन तीसुद्धा बसवली.

मग जुनी सगळी पॅकेजं बंद पडली. फायली दाखव म्हटलं तरी कॉम्प्युटर दाखवेना. बंद करून परत चालू केला, तर अर्ध्यातच अडकला. अभिमन "येतो वहिनी" म्हणून सटकला.

मी सांजोऱ्या तळत होते, तशीच बाहेर आले. "आता काय करून राहिले?"

"दुसरी एक लायब्ररी टाकून पाहतो. कदाचित मग ही ऐकेल."

माझं टाळकंच सटकलं. "तुमच्यानं कुणाला जा म्हणवत नाही, म्हणून उद्या मी पोरीची शाळा सोडून बागेत जाऊ का?"

घरातला एकुलता कूलर मशीनकडे तोंड करून होता, तरी ह्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. मग ह्यांनी खणातून अडीनडीसाठी करून ठेवलेली फ्लॉपी काढली. तिच्यावरून मशीन उठवलं, पहिल्या सीडीतली जुनी लायब्ररी परत जागेवर बसवली, आणि नव्या पाहुण्यांना उलट्या क्रमाने बाहेर काढलं. आधी गाणं, मग गाण्याने मागितलेलं, मग त्याने मागितलेलं. दिवेलागणीला मशीन पुरतं उठून काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली, तेव्हा कुठे ह्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी नाना आले. सण असूनही क्लासच्या दोन मुली येऊन टाइप करत होत्या. अभिमन मागून म्हणाला, "भाऊ, गाणं?"

"या मशीनवर नाही होणार," हे म्हणाले. मी चमकून पाहिलं.

जेवताना नाना खुशीत होते. अट पुरी झाली होती. पण हात धुताना त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "क्लास चालतो बापा तुझा. पण बाग मोठी, माझ्यानं आता होत नाही. येतो का परत?"

असं कुणी मागितलं की आमचे हे संपलेच.

"नाही, नाना. वेळेला धावत येईन, पण राहीन इथंच."

नाना ह्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला नाही म्हणता येतं का रे? मग टिकशील तू शहरात."

मला रडूच आलं. सांजोऱ्या आणायच्या निमित्ताने मी आत गेले.