बोडिलचं सहाचं दान

आमच्या डेन्मार्कात नाताळात फासा टाकतात. सहाचं दान पडलं की दुसऱ्याची भेट पळवायची. डेअरीतून निवृत्त झालेल्या बोडिलला यंदा सहावर सहा पडले. शेजारचा स्वेन ओरडला, "हिचा फासा खोटा आहे! हिला पुन्हा खेळायला घेऊ नका."

बोडिल पेटली. सगळ्यांसमोर तिने तोच फासा सहाशे वेळा टाकला. सहा पडले एकशे नऊ वेळा.

"बघा, नऊ जास्त!" स्वेन म्हणाला.

"अरे शहाण्या, शंभर ही सरासरी. आठ-दहा इकडेतिकडे व्हायचेच. आता तुझ्या घरचा फासा आणून टाक, पूर्ण सहाशे!"

त्याचे सहा ब्याण्णव वेळा पडले.

"मग तुझाही खोटा का रे?" मी विचारलं.

स्वेनने तिच्यासाठी खुर्ची ओढली. बसायच्या आधीच बोडिलने फासा उचलला.