घाबरट वहिनी आणि करंगळीएवढा मासा

आमच्या वहिनींना सगळे घाबरट म्हणतात. झुरळ दिसलं तरी त्या खुर्चीवर चढतात. अशा बाईच्या हातात माझ्या दादाचा जीव असतो, या विचाराने मला रोज धास्ती वाटायची.

दादा शोभेचे मासे पकडतो. बोटीवरच्या यंत्रातून लांब नळीने हवा खाली जाते. ती नळी कमरेला बांधून, टोक दातांत धरून तो प्रवाळाच्या पायथ्याशी वाळूत बसतो. वर नळी वहिनींच्या हातात. खालून दोन हिसके बसले की ओढायचं.

त्याचा आवडता मासा करंगळीएवढा. तो बिळाच्या तोंडाशी पहारा देतो आणि त्याच बिळात राहणारा झिंगा वाळू उकरत असतो. झिंग्याला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर आला की त्याची एक मिशी माशाच्या अंगावर. माशाची शेपटी थरथरली की दोघेही आत गडप. "मासा घाबरट, म्हणून झिंगा जगतो," हे दादा कौतुकाने सांगायचा. वहिनींवर मात्र चिडायचा. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा त्याला उगाच वर ओढलं होतं. "पुन्हा हिसक्याशिवाय ओढलंस तर दुसरा माणूस ठेवीन," असं त्याने बजावलं होतं.

त्या दिवशी वारा फिरला. मी सुकाणूवर होतो.

"भाऊजी, नळी गप्प झालीय." वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"यंत्र तर चालू आहे, वहिनी."

"यांच्या श्वासाबरोबर ती हातात हलते. आता हलत नाही."

"हिसका बसला का?"

"नाही."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, मी मनात म्हटलं. पण त्यांचे हात लटलट कापत होते, ते बघून मी सुकाणू सोडलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, ओढायलाच लागल्या. मीही धावलो. दादा वर आला तो भिजल्या पोत्यासारखा. श्वास होता, पण नावाला.

वारा फिरल्याने यंत्राचा धूर नळीतल्या हवेत शिरला होता. हिसका द्यायचीही शुद्ध दादाला उरली नव्हती. त्याने डोळे उघडेपर्यंत मी रडत होतो, सांगायला लाज कसली.

आता यंत्राचं हवा ओढणारं तोंड आम्ही उंच काठीवर बांधलंय. तरी उतरण्याआधी दादा रोज विचारतो, "भीती वाटतेय ना?"

"वाटतेय की."

"मग जातो."

परवा पाणी अगदी संथ होतं. वहिनी हसून म्हणाल्या, "आज नाही बाई वाटत."

दादाने कमरेची नळी सोडली. "चला घरी," तो म्हणाला.