हलत्या घरातला पहिला घास

हिवाळ्यातल्या एका सकाळी डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक घर येऊन उभं राहिलं. पांढरं, मिनीबसएवढं, खिडक्यांना निळे पडदे. त्यातून माझी नणंद उतरली आणि चौथ्या मजल्यावर मला ऐकू येईल अशा आवाजात ओरडली, "वहिनी, खाली ये! घर घेऊन आलेय."

माझे यजमान जाऊन आठ महिने झाले होते. आमच्यात रीत अशी की, दुःख झालेल्या माणसाला जवळच्या नातलगांनी आपल्या घरी न्यायचं, आणि त्या घरात त्याच्या तोंडात पहिला घास गोडाचा जायला हवा. मग ते माणूस पुन्हा चारचौघांत जायला-यायला मोकळं. वन्सं ठाण्याहून मला न्यायला दोनदा आल्या होत्या. मी गेले नाही. कुणाकडेच गेले नाही. ज्या घरी जायचं, तिथल्या सोफ्यावर ह्यांची एक ठरलेली जागा होती, आणि ती रिकामी बघत शिरा खाणं मला जमणार नव्हतं. सगळी नोकरी ग्रंथालयात झालेली, त्यामुळे गप्प बसून वाचण्याची सवय होतीच. पुढे पुढे दाराची घंटा वाजली तरी मी उठेनाशी झाले.

शेवटी वन्सं फोनवर रडल्या. "आई-बाबा गेले, दादा गेला. आता माझं माहेर म्हणजे तू. तूच दार लावून बसलीस तर मी जाऊ कुठे?"

विषय मिटावा म्हणून म्हणाले, "ते कधी बसले नाहीत असं एखादं घर असेल तर येईन."

वन्संनी मोटरहोम, चाकांवरचं घरच, भाड्याने आणली. तिच्या दारात उभ्या राहून त्या खालूनच ओरडल्या, "बोल आता. ह्यात दादा कधी बसलाय?"

मी चपला घातल्या.

गाडी चालवायला भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान. त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि नकाशातली सगळी गावं एकदा प्रत्यक्ष बघायची राहिली, अशी त्यांची तक्रार होती. मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर आणि संध्याकाळी घरी, असा बेत त्यांनीच आखला होता. आत दोन पलंग, शेगडी, छोटं बेसिन, डोक्यावर कपाटं. गतिरोधक आला की सगळे चमचे एकदम बोलायचे. मी पलंगावर मांडी घालून बसले होते आणि माझ्या मांडीखालून कल्याण मागे चाललं होतं. बसल्या जागी आपला पलंग शहाडच्या पुलावर चढतो ह्याचं मला इतकं हसू येऊ लागलं, की मी तोंड खिडकीकडे वळवलं. एवढ्यात गतिरोधक आला, वरचं कपाट उघडलं आणि भडंगाचा डबा माझ्या ओच्यात पडला. हसू दाबायला मी एक मूठ तोंडात टाकली.

मुरबाडला भावोजींनी एका मैदानाच्या कडेला गाडी लावली. वन्संनी पदर खोचून रवा भाजायला घेतला. दाराशी दोन-तीन म्हातारी माणसं येऊन उभी राहिली. एका आजोबांनी विचारलं, "डोळे तपासायची गाडी ना ही?"

"नाही हो," भावोजी म्हणाले, "घर आहे."

आजोबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी एका डोळ्यावर हात ठेवून गाडीचा नंबर मोठ्याने वाचला, मग दुसऱ्या डोळ्यावर हात ठेवून वाचला, आणि "बरोबर?" म्हणून विचारलं. भावोजी सवयीने म्हणाले, "शाब्बास." आजोबा खूश होऊन गेले.

आत वन्सं माझ्या हनुवटीकडे बघत होत्या. "हे काय लागलंय?"

"कढीपत्ता असेल. भडंगातला."

"भडंग कधी खाल्लंस?"

"शहाडच्या पुलावर."

वन्संनी गॅस बंद केला आणि समोरच्या पलंगावर बसल्या. "तिखट," त्या म्हणाल्या. "ह्या घरातला तुझा पहिला घास तिखट गेला, वहिनी. इतकं सगळं केलं आणि..." त्यांचा आवाज खरोखर कापत होता. दुसरं कुठलंही घर मी मान्य करणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

भावोजींनी दारातून डोकं आत घातलं. "पण ते घर शहाडला होतं. हे घर मुरबाडला आहे. पत्ता बदलला की घर बदललं. भाडेकरूंना विचारा."

वन्संनी ह्यावर विचार केला. मी ग्रंथालयातली, कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर ह्या पत्त्यावरच माझा सगळा संसार. मलाही मुद्दा पटला. "म्हणजे मुरबाडच्या घरात हिने अजून काही खाल्लेलं नाही," वन्सं हळूहळू म्हणाल्या आणि शेगडीकडे वळल्या.

"खाल्लंय," मी म्हणाले.

"काय?"

"तुम्ही दोघं बोलत होतात ना, तेव्हा. डबा मांडीवरच होता."

"वहिनी!"

भावोजी पायरीवर बसून हसू लागले. वन्संनी तो डबा काढून घेतला, पुढे ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबला आणि हुकूम सोडला, "चला. पुढचं गाव. आणि तू तोंड मिटून बस."

सरळगावात त्या दिवशी बाजार होता. कडेला जागा मिळाली ती उताराची. आतला दिवा लावायला म्हणून भावोजींनी एक बटण दाबलं, आणि गाडीच्या अंगातून घर्रर्र करत एक लांबलचक कापडी छपरी बाहेर आली. ती पुरती उघडायच्या आतच वालाच्या शेंगा, मुळा आणि सुकट घेऊन बसलेल्या तीन बायकांनी आपापल्या पाट्या उचलल्या आणि सावलीत आणून मांडल्या. आता छपरी मिटणं शक्य नव्हतं. आम्ही त्यांच्यासकट सरळगावचे रहिवासी झालो.

शेंगावालीने आत डोकावून विचारलं, "दुकान कशाचं हाय, ताई?"

"दुकान नाही. घर आहे," वन्सं ढवळता ढवळता म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांनी तिला सगळं सांगितलं. दादा, आठ महिने, बंद दार, भडंग.

"पन ह्याला घर कसं म्हनायचं?" शेंगावाली म्हणाली. "उंबरा कुठंय?"

"पायरी आहे की," भावोजी म्हणाले.

"पायरी तर यष्टीला बी असते," मुळेवाली म्हणाली.

"अगं, चूल पेटली ना? मग घरच ते," सुकटवालीने निकाल दिला. "आनि शेजार बी हाय. आमी बसलोय ना दारात!"

वन्सं त्या शेवटच्या वाक्यावर इतक्या खूश झाल्या, की त्यांनी आणखी पळीभर तूप ओतलं. पण गाडी उतारावर, कढई तिरकी. सगळं तूप एका बाजूला जमलं आणि दुसऱ्या बाजूला रवा कोरडा ठणठणीत. कढई फिरवली की तूप पुन्हा खाली. शेवटी त्यांनी मधोमध चमचा घातला, थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेतलं आणि बशी माझ्यासमोर धरली. दारात तिन्ही बायका उभ्या.

आणि मी तोंड मिटून घेतलं. समोर सोफा नव्हता, रिकामी जागा नव्हती, तरी मिटलं. मी हा घास घेतला की ते गेले, हे माझ्याकडूनही पक्कं होणार, असं वाटलं. वन्संचा हात हवेत होता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी अजून एकदा "नको" म्हणाले असते, तर त्या बशी खाली ठेवून मला निमूट डोंबिवलीला सोडून गेल्या असत्या, आणि परत आल्या नसत्या.

"खा की बाय," सुकटवाली म्हणाली, "माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी तोंड उघडलं. नेमके तेव्हाच भावोजी बघायला म्हणून पायरी चढून आत आले, आणि त्यांच्या वजनाने सगळी गाडी एका अंगाला डुलली.

"थांब!" वन्सं किंचाळल्या. "खाऊ नको! घर हललं!"

"हललं, पण गाव तेच हाय!" दारातून मुळेवाली ओरडली. "सरळगावच हाय!"

"सरळगावच हाय!" बाकीच्या दोघी ओरडल्या.

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग पलंगावर आडवं पाडणारं. आठ महिन्यांचं हसू कुठे साठलं होतं कोण जाणे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यात कुठलं कशाचं ते मला कळत नव्हतं. माझं तोंड उघडं आहे हे बघून वन्संनी चमचा आत सारला. एका बाजूला तुपाचं तळं, एका बाजूला कच्चा रवा. मी चावलं, गिळलं, आणि त्याच दमात दुसरा चमचा मागितला.

शेजारणींना शिरा पोचला. त्यांच्याकडून आम्हाला पाटीभर शेंगा मिळाल्या.

उरलेला दिवस नुसता उधळला. प्रत्येक गाव म्हणजे नवं घर आणि नव्या घरात पहिला घास गोड, हा नियम आता वन्संनी कायमचा केला. किन्हवलीत गाडी थांबायच्या आत त्या जिलबीच्या गाड्याकडे धावल्या. शहापूरला पेढे. वासिंदला गाव बघायला उतरायचं ठरलंच नव्हतं, तरी उतरलो, कारण मी म्हणाले, "इथलं घर राहिलं." भावोजींनी विचारलं, पडघ्याला थांबायचं का, तेव्हा आम्ही दोघींनी पोटावर हात ठेवून नाही म्हटलं, आणि मग गावाच्या नावाची पाटी दिसल्यावर दोघींनीच त्यांना थांबवलं.

दिवेलागणीला आमच्या इमारतीशी आलो. वन्सं खाली उतरल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जा वर. जपून. फोन कर." 'मी वर येऊ?' हे त्यांच्या ओठांवर होतं, पण त्या विचारत नव्हत्या. रीत पुरी झाली होती, पुढचं माझ्या हातात होतं.

"भावोजी, गाडी नीट लावा," मी म्हणाले. "वन्सं आज माहेरी राहणार आहेत. शेंगा सोलायला मला एकटीला रात्र पुरायची नाही."

वर येऊन मी त्यांना दारातच थांबवलं. माहेरवाशीण आली की उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, मग तिला आत घ्यायचं. सासूबाई करायच्या, त्यांच्यामागे मी. स्वयंपाकघरात गेले तर भाकरी कुठली असणार? एकटीसाठी मी भाकरी थापणं कधीच सोडलं होतं. डब्यात चहाबरोबरचे टोस्ट होते. एक मोडला, तांब्यात पाणी घेतलं आणि बाहेर आले.

"टोस्ट?" वन्सं म्हणाल्या. "वहिनी, टोस्ट ओवाळतेस मला?"

"गप्प उभ्या राहा. हलू नका."

मी तीनदा ओवाळलं. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि टोस्टचा चुरा त्यांच्या खांद्यावर पडत होता. मग मी बाजूला झाले, आणि त्या आत आल्या.